बिनमालकाचा स्वल्पविराम

इनटच या स्काडा सॉफ्टवेअरमध्ये ‘फाइलरीडफील्ड्स’ नावाचं एक फंक्शन आहे. त्याला चार गोष्टी सांगायच्या: फाइलचं नाव, कितव्या बाइटपासून वाचायचं, पहिल्या टॅगचं (म्हणजे यंत्रावरचा एकेक आकडा ठेवणाऱ्या नावाच्या कप्प्याचं) नाव आणि किती रकाने उचलायचे. पहिला टॅग ‘तापमान१’ असेल आणि सहा रकाने मागितले, तर स्वल्पविरामांनी तोडलेले सहा आकडे तापमान१ ते तापमान६ या टॅगांत जाऊन बसतात. काम झालं की फंक्शन पुढची ओळ कुठल्या बाइटला सुरू होते ते सांगतं. पुढच्या खेपेला तोच आकडा त्याला द्यायचा. लिहिण्यासाठी ‘फाइलराइटफील्ड्स’. त्याला बाइटच्या जागी उणे एक दिलं की ते फाइलच्या शेवटी नवी ओळ जोडतं.

बस, एवढंच. बॉयलर, भट्ट्या आणि मिक्सर पडद्यावर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत या दोन फंक्शनांना कोणी जागा दिली नसती. पण कारखान्यातली माहिती कारखान्याबाहेर कशी पडली, हा इतिहास त्यांना वगळून सांगता येत नाही.

गोष्ट सुरू होते त्याच्या बरीच आधी, पंचकार्डांच्या काळात. ८० रकान्यांच्या कार्डावर प्रत्येक आकड्याची जागा ठरलेली असे. अमुक रकाना ते तमुक रकाना हा दाब, पुढचे चार रकाने तापमान. आकडा टोचताना एक घर डावीकडे सरकला, तर जुनं फोरट्रान उजवीकडच्या मोकळ्या घराला शून्य समजे आणि १२५ चे १२५० होत. संगणक तक्रार करत नसे, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नसे. १९७२ साली आयबीएमच्या ओएस/३६० वरच्या फोरट्रान कंपायलरने यातून सुटका दिली: आकडे कुठेही टोचा, मध्ये स्वल्पविराम द्या. पुढे फोरट्रान ७७ मध्ये ही पद्धत प्रमाण भाषेचा भाग झाली. तिच्यातही खुब्या होत्या. दोन स्वल्पविराम लागोपाठ आले तर त्या जागेचा जुना आकडा तसाच ठेवायचा. तिरपी रेघ आली की वाचन थांबवायचं.

खरं तर या कामासाठी स्वल्पविरामाची गरजच नव्हती. आस्की या अक्षरसंचाच्या १९६७ च्या आवृत्तीत २८ ते ३१ हे चार क्रमांक केवळ माहिती विलग करण्यासाठी राखून ठेवलेले होते: फाइल, गट, नोंद आणि घटक यांचे वेगवेगळे विभाजक. मजकुरात ते कधी येणारच नाहीत, त्यामुळे गोंधळाला वावच नाही. पण कीबोर्डवर त्यांना स्वतःची कळ नव्हती आणि कागदावर ते दिसत नसत. स्वल्पविराम दिसतो, टंकता येतो आणि चुकला तर डोळ्यांनी शोधता येतो. तांत्रिकदृष्ट्या उत्तम उपाय तयार असताना लोकांनी हाताला लागणारा उपाय उचलला. नंतरची निम्मी डोकेदुखी तिथूनच आली.

१९८३ च्या ऑस्बोर्न एक्झिक्युटिव्ह या संगणकाबरोबर सुपरकॅल्क हे स्प्रेडशीट मिळे. मजकुरातच स्वल्पविराम असेल तर तो अवतरणचिन्हांत ठेवायचा, ही रीत त्याच्या पुस्तिकेत छापलेली सापडते. अशा स्वल्पविरामांनी तोडलेल्या मजकुराला सीएसव्ही (कॉमा-सेपरेटेड व्हॅल्यूज) हे नाव तोवर रुळलं होतं. प्रमाण मात्र नव्हतं, आणि ते ठरवणारी संस्थाही नव्हती.

१९८७ साली कॅलिफोर्नियात डेनिस मोरिन आणि फिल ह्यूबर यांनी वंडरवेअर ही कंपनी काढली. पडद्यावर हवं तसं पिनबॉलचं यंत्र जुळवू देणारा एक व्हिडिओ गेम मोरिन यांच्या डोक्यात होता. टाक्या, झडपा आणि पंप याच तऱ्हेने माउसने मांडता का येऊ नयेत, या विचारातून विंडोजवर चालणारं इनटच उभं राहिलं. त्या काळी नियंत्रण यंत्रणा विकणारी प्रत्येक कंपनी आपापला संगणक, आपापली केबल आणि आपापली फाइल घेऊन येई. एकाची माहिती दुसऱ्याला वाचता येत नसे. ग्राहकाला बांधून ठेवण्याचा तो सोपा मार्गही होता. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रणांना आपसात बोलता यावं म्हणून ओपीसीचं पहिलं प्रमाण यायला १९९६ उजाडलं. सीएसव्हीला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. नोटपॅड उघडलं की ती वाचता येत होती.

इनटचने तिचा वापर तीन ठिकाणी केला, आणि तिन्ही कामं निराळी. वर सांगितलेली दोन फंक्शनं हे एक. दुसरं रेसिपी मॅनेजर. बिस्किटं, रंग, औषधं असा माल घाण्याघाण्याने बनतो तिथे प्रत्येक प्रकाराची प्रमाणं वेगळी. घटकांची यादी, कोणता घटक कोणत्या टॅगला जोडलेला आहे त्याचा तक्ता आणि प्रत्येक रेसिपीचे आकडे, असं सगळं एका सीएसव्ही फाइलमध्ये. ऑपरेटरने रेसिपी निवडली की आकडे त्या फाइलमधून थेट यंत्राच्या टॅगांत. प्रमाण बदलायचं तर प्रोग्राम लिहिणाऱ्याला बोलवायला नको. उत्पादन विभागातला माणूस एक्सेलमध्ये फाइल उघडून आकडा बदलू शकतो. ही मोठीच मोकळीक होती, आणि जोखीमही तेवढीच.

तिसरं काम डीबीडंप आणि डीबीलोड या जोडीचं. हजारो टॅग एकेक करून माउसने भरण्यापेक्षा सगळी यादी सीएसव्हीत बाहेर काढायची, एक्सेलमध्ये ओढून-ताणून वाढवायची आणि परत आत टाकायची. या फाइलची पहिली ओळ पाहण्यासारखी असते: ‘:मोड=आस्क’. म्हणजे आधीच असलेल्या नावाचा टॅग पुन्हा आला तर विचार. ‘आस्क’च्या जागी ‘रिप्लेस’ लिहिलं तर न विचारता जुना पुसून नवा बसवतो. त्याखाली प्रत्येक जातीच्या टॅगांचा वेगळा भाग, विसर्गासारख्या दोन टिंबांनी सुरू होणारा, आणि प्रत्येक भागाचे रकाने निराळे. म्हणजे एका फाइलमध्ये अनेक तक्ते.

ही गंमत कळते ती २००५ नंतर. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये याकोव शाफ्रानोविच यांनी आरएफसी ४१८० लिहिलं. सीएसव्हीचे नियम इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजमालेत आले, तेही ‘माहितीसाठी’ या वर्गात, प्रमाण म्हणून नव्हे. प्रत्येक ओळीत रकान्यांची संख्या सारखी असावी, असं तो दस्तऐवज म्हणतो. त्या हिशेबाने टॅगांची ही यादी सीएसव्ही म्हणायच्या लायकीची नाही. तरी ती चालते, कारण लिहिणारा आणि वाचणारा एकाच घरचे आहेत.

घर बदललं की भांडण सुरू. जर्मनीत दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम लिहितात. ७५.४ अंश हे तिथे ७५,४ होतात आणि वाचणाऱ्याला ७५ व ४ असे दोन रकाने दिसतात. म्हणून तिथलं एक्सेल सीएसव्ही लिहितानाही अर्धविराम वापरतं. फाइलरीडफील्ड्सला रकान्यांची नावं कळत नाहीत, फक्त क्रम कळतो. एक स्वल्पविराम जास्तीचा आला की पुढचे सगळे आकडे एकेक घर सरकतात आणि तापमानाचा आकडा दाबाच्या टॅगात जाऊन बसतो. पंचकार्डाच्या जमान्यातली चूक, नव्या कपड्यांत. आपल्याकडे १,२५,००० असं लिहायची सवय. अवतरणचिन्हं न देता लिहिलं तर एका रकमेचे तीन रकाने.

देवनागरीची गत आणखी निराळी. मजकूर कोणत्या अक्षरसंचात लिहिला आहे, हे सांगायला सीएसव्ही फाइलमध्ये जागाच नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं. विंडोजवरच्या एक्सेलने अशी फाइल जुन्या रोमन संचाची समजून उघडली की ‘पाळी’, ‘भट्टी’ या शब्दांच्या जागी टोपीवाल्या रोमन अक्षरांच्या माळा दिसतात. उपाय म्हणून फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटांची एक अदृश्य खूण घालतात. ती एक्सेलला समजते; पण जुन्या प्रोग्रामांना ती पहिल्याच रकान्याच्या नावाला चिकटलेली दिसते आणि ते म्हणतात, असा रकाना इथे नाही.

स्काडातून सीएसव्ही लिहिणाऱ्यांना एक्सेलनेच सर्वांत जास्त छळलं. कोणी चालू फाइल एक्सेलमध्ये उघडून चहाला गेलं, तर फाइल अडकते आणि तेवढ्या वेळात स्क्रिप्टने लिहायच्या ओळी लिहिल्याच जात नाहीत. बॅच क्रमांक ००४२७ चे ४२७ होतात. जुन्या एक्सेलच्या एका पानावर ६५,५३६ ओळी मावत. दर सेकंदाला एक नोंद ठेवली तर दिवसाच्या ८६,४०० ओळी होतात. मध्यरात्री सुरू केलेली नोंद त्यात संध्याकाळी सव्वासहाच्या आतच संपते. फाइलमध्ये उरलेल्या ओळी असतात, पण पानावर येत नाहीत. २०२० च्या शरद ऋतूत हीच मर्यादा इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेला नडली. प्रयोगशाळांच्या सीएसव्ही फाइली जुन्या पद्धतीच्या एक्सेल पानांत ओतल्या जात होत्या आणि कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून गळले. दोष सीएसव्हीचा नव्हता. तिच्यात सगळ्या ओळी होत्या.

इतकं असूनही तिला कोणी हलवू शकलं नाही. डेटाबेस आले, ओपीसी आलं, आणि दरम्यान सीएसव्ही स्काडाच्या संगणकातून खाली उतरून थेट नियंत्रकात शिरली: सीमेन्सचा एस७-१२०० हा छोटा पीएलसी स्वतःच्या स्मृतीत सीएसव्ही नोंदवही ठेवतो, भरली की सर्वांत जुन्या ओळीवर नवी लिहितो आणि ब्राउझरमधून ती उतरवू देतो. चाकण-भोसरीतल्या मॅनेजरला पाळीचा अहवाल एक्सेलमध्येच हवा असतो, आणि तिथवर पोचायला यापेक्षा जवळची वाट नाही. तिचा ढिलेपणा मान्य करूनही तिच्या बाजूने उभं राहावं लागतं, कारण बंद कप्प्यांच्या धंद्यात ग्राहकाची माहिती ग्राहकाच्या हाती उघड ठेवणारी हीच एक फाइल होती.

वंडरवेअर १९९८ मध्ये सीबे या ब्रिटिश कंपनीने घेतली, सीबेचं दुसऱ्याच वर्षी विलीनीकरण होऊन इन्व्हेन्सिस झालं, २०१४ मध्ये इन्व्हेन्सिस श्नायडरकडे गेली, २०१८ मध्ये इनटच अव्हेवाकडे आलं आणि आता ते तिच्याच नावाने विकलं जातं. डीबीडंप मात्र आजही टॅगांची यादी सीएसव्हीतच बाहेर काढतं.