अ‍ॅक्रनमधला फोन

संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत किंवा शाळेच्या रिकाम्या वर्गात दहा-पंधरा माणसं बसतात. एकजण आपलं नाव सांगतो, "मी मद्यपी आहे" म्हणतो आणि बोलू लागतो. त्याला मध्येच कुणी अडवत नाही, उपदेश करत नाही. त्याचं बोलून झालं की दुसरा. 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'ची, म्हणजे एएची ही मीटिंग. सुधारलेल्या माणसांनी बिघडलेल्यांवर केलेला हा उपकार आहे, असं बाहेरून वाटतं. तिचं मूळ मात्र एका माणसाच्या स्वतःच्या निकडीत आहे, आणि ते कळलं की मीटिंगला जायला वाटणारी अर्धी लाज गळून पडते.

मे १९३५. न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी आला होता. एका कंपनीचा ताबा मिळवायचा त्याचा बेत फसला होता, खिशात जेमतेम दहा डॉलर उरले होते. दारू सोडून पाच महिने झाले होते. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत तो येरझाऱ्या घालत होता. एका टोकाला बार, तिथून हसण्याचे आवाज. दुसऱ्या टोकाला गावातल्या चर्चेसची यादी. घरी असताना त्याने कित्येक दारुड्यांच्या मागे लागून पाहिलं होतं. त्यातला एकही सुटला नव्हता, पण त्या खटपटीत तो स्वतः कोरडा राहिला होता. आत्ता आपल्याला वाचवायला एखादा पिणारा माणूसच हवा, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने यादीतल्या एका पाद्र्याला फोन लावला. पाद्र्याने दिलेल्या नावांवरून शोधत शोधत बिल हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचला. एका पिणाऱ्या डॉक्टरसाठी त्या प्रार्थनाच करत होत्या.

१२ मे रोजी, मातृदिनाच्या संध्याकाळी, त्यांच्या घरी सर्जन डॉक्टर बॉब स्मिथ आला. आला तो कुरकुरत, पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही असं ठरवून. उठला रात्री अकरा वाजून गेल्यावर. बिलने त्याला उपदेश केला नाही. स्वतः कसा प्यायलो, कसा बुडालो, एवढंच सांगत राहिला. दारूबद्दल खूप जणांशी बोललो, पण स्वतःच्या अनुभवातून बोलणारा हा पहिलाच, असं बॉबला वाटलं. मला या सगळ्या कथेत हाच क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. तिथे ना मंच होता, ना वर्गणी, ना संस्था.

लगेच सगळं सुरळीत झालं नाही. डॉक्टरांच्या एका अधिवेशनाला गेलेला बॉब पुन्हा भरपूर प्यायला. शेवटचं पिणं झालं १० जून १९३५ला, आणि तोच दिवस एएचा स्थापनादिन मानतात. मग दोघं मिळून इस्पितळातल्या तिसऱ्या मद्यप्याकडे गेले. 'ऑक्सफर्ड ग्रुप' या ख्रिस्ती चळवळीच्या घरगुती बैठकांत ही मंडळी आधी बसत, हळूहळू वेगळी झाली. १९३९ साली त्यांचं पुस्तक निघालं, त्यात दारूतून बाहेर पडायच्या बारा पायऱ्या आल्या. मार्च १९४१मध्ये 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'मध्ये एएवर लेख आला आणि दोन हजारांच्या आसपास असलेली सदस्यसंख्या वर्षअखेर आठ हजारांवर गेली.

त्याआधी शंभर वर्षं असाच एक प्रयोग झाला होता. १८४० साली बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात सहा पिणाऱ्यांनी शपथ घेतली, 'वॉशिंग्टोनियन' चळवळ उभी राहिली, लाखो लोक आले. ती दारूबंदी आणि राजकारणाच्या वादांत ओढली गेली आणि काही वर्षांतच विरली. एएने पुढे आखलेल्या बारा परंपरांत या फसलेल्या प्रयोगाचा धडा दिसतो: बाहेरच्या वादांवर मत द्यायचं नाही, बाहेरच्या देणग्या घ्यायच्या नाहीत, सदस्याची नावनिशी बाहेर करायची नाही. प्रवेशाची अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. माझ्या मते ही संघटना टिकली ती या अंगच्या आखडतेपणामुळेच.

भारतात एए १९५७ साली आली. महाराष्ट्रात १९८६मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे त्यामागे उभे राहिले. उपचार घेऊन घरी परतल्यावर खरी परीक्षा सुरू होते, आणि तिथे जवळपासची मीटिंग कामी येते. घरच्यांसाठी वेगळी जागा आहे. अल-अ‍ॅनॉनच्या बैठका १९५१पासून चालू आहेत.

तेव्हा तुमच्या घरात किंवा तुम्हाला स्वतःला गरज असेल, तर जवळच्या मीटिंगचा पत्ता काढा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद करण्याआधी डॉक्टरला जरूर भेटावं, कारण अचानक सोडणं जीवावर बेतू शकतं. मीटिंगला फी नाही, अर्ज नाही, बोलायची सक्ती नाही. खुल्या मीटिंगला घरचेही बसू शकतात. पहिली मीटिंग पटली नाही, तर दुसऱ्या गटात जा. आणि लक्षात असू द्या, तिथे बसलेल्या जुन्या माणसाला नव्याची तितकीच गरज असते.