फितींची देवघेव: ग्रेटफुल डेडचे श्रोते आणि त्यांनी उभा केलेला संग्रह

ध्वनिमुद्रित संगीताचा इतिहास बहुधा कंपन्या, कलावंत आणि यंत्रे यांच्या अनुषंगाने लिहिला जातो आणि श्रोत्याच्या वाट्याला त्यात केवळ गिऱ्हाइकाची जागा येते. अमेरिकेतील ग्रेटफुल डेड या रॉक बँडचा इतिहास मात्र असा लिहिता येत नाही. कारण त्याचे कोणते वादन टिकावे, कोणते श्रेष्ठ मानावे आणि त्याविषयी कोणत्या परिभाषेत बोलावे, हे तिन्ही प्रश्न बऱ्याच अंशी त्याच्या श्रोत्यांनीच सोडवले. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे १९६५ मध्ये ‘वॉरलॉक्स’ या नावाने सुरू झालेला आणि त्याच वर्षी नवे नाव घेतलेला हा बँड, गिटारवादक व गायक जेरी गार्सिया यांचे ऑगस्ट १९९५ मध्ये निधन होईपर्यंत, तीस वर्षे वाजवत राहिला. या काळात त्याचे स्टुडिओत तयार केलेले १३ अल्बम निघाले आणि जाहीर कार्यक्रम सुमारे २,३०० झाले. ‘डेडहेड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या चाहत्यांमध्ये जे वाद पिढ्यान् पिढ्या झडले, त्यांचे मूळ या दोन आकड्यांमधील तफावतीत आहे.

ब्लूज, लोकगीते, ब्लूग्रास आणि जॅझ अशा अनेक प्रवाहांतून आलेले हे वादक कार्यक्रमात गाण्यांचा क्रम आधी ठरवून येत नसत आणि एकच गाणे दोन रात्री सारखे वाजवत नसत. गाण्याची बांधणी ही त्यांच्या लेखी बंदिशीसारखी होती, म्हणजे जिच्या आधाराने विस्तार करायचा ती चौकट. ‘डार्क स्टार’ हे गीत याचे सर्वांत ठळक उदाहरण ठरते. १९६८ मध्ये ते लहान तबकडीवर निघाले तेव्हा ते तीन मिनिटांच्या आत संपत होते आणि बाजारात त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. पुढच्याच वर्षी ‘लाइव्ह/डेड’ या प्रत्यक्ष कार्यक्रमांतील वादनाच्या अल्बममध्ये तेच गीत सुमारे २३ मिनिटांचे झाले आणि त्याने दीर्घ ध्वनिमुद्रिकेची एक अख्खी बाजू व्यापली. अब्दुल करीम खाँ किंवा हिराबाई बडोदेकर यांचे राग तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकड्यांवर ऐकलेल्या मराठी श्रोत्याला हा फरक निराळा समजावून सांगावा लागणार नाही. तबकडीत मावते ते आणि मैफलीत घडते ते यांत कलाकृती कोणती मानायची, हाच प्रश्न ग्रेटफुल डेडच्या श्रोत्यांपुढे आरंभापासून उभा होता.

अल्बमविषयीचे वाद त्यामुळे इतर बँडच्या चाहत्यांमधील वादांहून वेगळ्या अंगाने गेले. ‘अँथम ऑफ द सन’ या १९६८ च्या अल्बममध्ये स्टुडिओतील आणि अनेक कार्यक्रमांतील ध्वनिमुद्रणे एकात एक मिसळलेली होती, आणि १९६९ चा ‘आओक्सोमोक्सोआ’ सोळा-ट्रॅक यंत्रावर, म्हणजे एकाच फितीवर सोळा स्वतंत्र ध्वनी नोंदवता येणाऱ्या त्या वेळच्या नव्या यंत्रावर, फार मोठा खर्च करून केलेला होता. १९७१ मध्ये बँडने या दोन्ही अल्बमचे मिश्रण नव्याने केले, म्हणजे तीच मूळ ध्वनिमुद्रणे वेगळ्या प्रमाणात एकत्र आणली, आणि जुने मिश्रण खरे की नवे, हा पहिला मोठा पाठभेदाचा वाद चाहत्यांना मिळाला. १९७० मध्ये आलेल्या ‘वर्किंगमन्स डेड’ आणि ‘अमेरिकन ब्यूटी’ या अल्बमनी दुसरा पक्ष उभा केला. रॉबर्ट हंटर यांच्या शब्दांवर बेतलेली, आटोपशीर आणि अनेक आवाजांच्या मेळातून गायलेली ती गाणी ऐकून बँड स्टुडिओतही उत्तम काम करू शकतो असे म्हणणारे श्रोते एका बाजूला झाले. तीच गाणी रंगमंचावर पुढे कशी वाढली हे ऐकल्याखेरीज त्यांच्याविषयी बोलू नये, असे मानणारे दुसऱ्या बाजूला राहिले. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे पुराव्याने मांडायचे तर कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे हाताशी असणे भाग होते आणि ती कोणत्याही दुकानात मिळत नव्हती.

ही उणीव भरून काढण्याची व्यवस्था १९७१ पासून उभी राहू लागली. त्या वर्षीच्या बँडच्या अल्बममध्ये चाहत्यांनी आपले नाव व पत्ता कळवावा असे आवाहन छापले होते, आणि त्याला मिळालेल्या प्रतिसादातून बँडकडे टपालाने संपर्क ठेवता येईल अशी श्रोत्यांची यादी तयार झाली. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात लेस किपेल यांनी ध्वनिफितींच्या विनामूल्य देवाणघेवाणीसाठी एक मंडळ काढले; त्या धर्तीवर इतरत्रही मंडळे निघाली आणि १९७४ मध्ये याच वर्तुळातून ‘डेड रेलिक्स’ हे नियतकालिक सुरू झाले. पुढे ‘रेलिक्स’ या नावाने ते सर्वसाधारण संगीतविषयक नियतकालिक झाले. पण त्याच्या आरंभीच्या अंकांचा मुख्य विषय कोणाकडे कोणते ध्वनिमुद्रण आहे, ते कसे करावे आणि कोणते ऐकण्याजोगे आहे, हाच होता.

या देवघेवीची कार्यपद्धती तपशिलाने पाहण्याजोगी आहे. आरंभी चोरून नेलेले मायक्रोफोन आणि अवजड स्पूल-यंत्रे वापरली जात. सत्तरच्या दशकात हाती धरून नेता येण्याजोगी चांगली कॅसेट-यंत्रे आली आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची, म्हणजे ‘टेपरां’ची, संख्या वाढली. ज्याच्याजवळ द्यायला काहीच नाही अशा नवख्यानेही हात हलवत परत जाऊ नये म्हणून त्याने कोऱ्या कॅसेट आणि परतीचे टपालतिकीट पाठवावे व भरलेल्या कॅसेट घ्याव्यात, असा रिवाज पडला. बहुतेकांची पसंती ९० मिनिटांच्या कॅसेटला असे. तिच्या एका बाजूवर ४५ मिनिटे मावत आणि कार्यक्रमाचा एक भाग त्याहून लांबला तर वादन चालू असतानाच कॅसेट उलटावी लागे, त्या काही सेकंदांतले सूर कायमचे निसटत. दुसऱ्या टेपरने दुसऱ्या क्षणी कॅसेट उलटलेली असल्यास त्याच्या प्रतीतून ती फट सांधली जाई. कॅसेटच्या डबीतील घडीच्या कागदावर बारीक अक्षरांत तारीख, सभागृह, गाव, गाण्यांचा क्रम आणि ध्वनिमुद्रणाचा स्रोत लिहिलेला असे. एका गाण्यातून न थांबता दुसऱ्यात प्रवेश झाला असेल, तर दोन नावांमध्ये बाणाची खूण केली जाई. ‘स्कार्लेट बिगोनियाज’ आणि ‘फायर ऑन द माउंटन’ ही १९७७ पासून जोडीने वाजवली जाणारी गाणी अशा बाणामुळे चाहत्यांच्या तोंडी एकच नाव बनून गेली.

स्रोताची नोंद हा या कागदावरचा सर्वांत महत्त्वाचा मजकूर मानला जाई. प्रेक्षकांत बसून केलेले ध्वनिमुद्रण आणि ‘साउंडबोर्ड’वरून, म्हणजे रंगमंचावरील सर्व ध्वनी एकत्र येतात त्या नियंत्रण-फलकावरून, थेट घेतलेले ध्वनिमुद्रण यांत फरक केला जाई, पहिल्यात सभागृहाचा घुमारा आणि श्रोत्यांचा जल्लोष असे, दुसऱ्यात वाद्ये अधिक स्वच्छ पण काहीशी कोरडी ऐकू येत. त्याखेरीज प्रत कितव्या पिढीची आहे हेही सांगावे लागे, कारण कॅसेटवरून कॅसेट उतरवताना प्रत्येक वेळी फितीची खरखर वाढत जाते. हस्तलिखित पोथ्यांच्या अभ्यासकाने लेखनिकाच्या चुका ओळखून मूळ पाठाच्या जवळची प्रत शोधावी, तसेच हे काम होते, आणि ते करणाऱ्यांत विद्यार्थी, कारागीर, नोकरदार असे सगळे होते.

बँडची या प्रकाराकडे पाहण्याची भूमिका त्या काळच्या रिवाजाला सोडून होती. इतर बहुतेक कलावंत आणि त्यांच्या कंपन्या कार्यक्रमातील ध्वनिमुद्रणाकडे चोरी म्हणून पाहत असताना, आपण वाजवून झाल्यावर ते संगीत श्रोत्यांनी घेऊन जाण्यास हरकत नाही, असे मत गार्सिया यांनी वेळोवेळी व्यक्त केले. टेपरांची संख्या इतकी वाढली की त्यांच्या मायक्रोफोनच्या उंच काठ्यांमुळे इतर प्रेक्षकांना रंगमंच दिसेना, तेव्हा बंदी घालण्याऐवजी २७ ऑक्टोबर १९८४ रोजी बर्कली कम्युनिटी थिएटरमधील कार्यक्रमापासून त्यांच्यासाठी राखीव जागा देण्यात आली. अट एकच होती, ती म्हणजे या ध्वनिमुद्रणांतून पैसा कमावायचा नाही. फिती विकणाऱ्याला चाहत्यांच्या वर्तुळात थारा मिळत नसे, आणि म्हणून ही अट प्रामुख्याने श्रोत्यांच्या आपसातील धाकावरच पाळली गेली.

ध्वनिमुद्रणे अशी मुबलक झाल्यावर वादाचे एकक बदलले. कोणता अल्बम सरस, याऐवजी कोणते वर्ष, कोणता दौरा आणि कोणती रात्र सरस, असे विचारले जाऊ लागले, आणि नवा अल्बम त्या रात्रींच्या कसाला लावला जाऊ लागला. १९७७ चे वर्ष या बाबतीत बोलके आहे. त्या वर्षी निघालेल्या ‘टेरापिन स्टेशन’ या अल्बमसाठी कीथ ओल्सन या बाहेरच्या निर्मात्याला बोलावण्यात आले होते आणि त्याच्या प्रदीर्घ शीर्षकगीतावर वाद्यवृंदाची व समूहगायनाची भर घालण्यात आली होती. ती भर अनेक चाहत्यांना आजही उपरी वाटते. याच वर्षाच्या वसंतातील कार्यक्रम मात्र बँडच्या सर्वोत्तम वादनांत गणले जातात आणि त्यांतही ८ मे रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमाचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनिमुद्रणकार महिलेने त्याची नोंद केली होती. त्यांच्या जवळच्या अनेक फिती भाड्याच्या कोठारात पडून राहिल्या आणि भाडे थकल्यामुळे १९८६ मध्ये लिलावात निघाल्या. त्यांच्या प्रती पुढे चाहत्यांमध्ये ‘बेटी बोर्ड्स’ या नावाने सर्वदूर पोचल्या. बार्टन हॉलची कीर्ती वादनाच्या गुणामुळे झाली की ही स्वच्छ फीत सहज मिळत असल्यामुळे, हा वाद अजून मिटलेला नाही, आणि ज्या संगीताची कीर्ती प्रतींवर अवलंबून असते त्याच्या बाबतीत तो मिटण्याजोगाही नाही.

वादाला शिस्त आली ती सूचींमुळे. बँडच्या कार्यक्रमांच्या तारखा, स्थळे आणि गीतक्रम एकत्र करणारा ‘डेडबेस’ हा जाडजूड सूचिग्रंथ चाहत्यांनीच संकलित करून १९८७ मध्ये काढला. त्याच वर्षी ‘इन द डार्क’ हा अल्बम आला आणि त्यातील ‘टच ऑफ ग्रे’ हे गीत बँडच्या कारकिर्दीत प्रथमच अमेरिकेच्या पहिल्या दहा लोकप्रिय गीतांत गेले. या गीतामुळे आलेल्या नव्या श्रोत्यांना जुन्यांनी ‘टचहेड’ असे किंचित हिणवणारे नाव दिले, यावरून इतका उदार देवघेव-व्यवहार करणाऱ्या समाजातही अधिकाराची उतरंड होती हे दिसते.

भारताशी या बँडचा संबंध खरा आहे, पण तो रंगमंचाच्या बाजूचा आहे. तालवादक मिकी हार्ट यांनी अल्लारखाँ यांच्याकडून तालाचे मार्गदर्शन घेतले, आणि अली अकबर खाँ यांच्या कॅलिफोर्नियातील संगीत महाविद्यालयात मुंबईच्या झाकिर हुसेन यांच्या तालवाद्य-वर्गातून जो चमू तयार झाला, त्याच्यासह हार्ट यांनी १९७६ मध्ये ‘डिगा’ हा अल्बम केला. श्रोत्यांच्या बाजूने पाहिले तर महाराष्ट्रातही खासगी बैठकींची ध्वनिमुद्रणे स्पूलवर आणि पुढे कॅसेटवर करून रसिकांनी ती आपसात फिरवली आहेत. मात्र त्यांतील पुष्कळ संग्रह संग्राहकाच्या कपाटापुरते राहिले. डेडच्या श्रोत्यांचे वेगळेपण असे की त्यांनी प्रत वाटणे हाच संग्राहकाचा धर्म मानला.

गार्सिया यांच्या मृत्यूपूर्वीच बँडने श्रोत्यांची ही निवडपद्धती स्वीकारली होती. स्वतः फितींचा व्यासंगी संग्राहक असलेले डिक लॅटव्हाला यांना बँडच्या फितींच्या भांडाराची जबाबदारी मिळाली आणि १९९३ पासून त्यांच्या निवडीतून ‘डिक्स पिक्स’ ही संपूर्ण कार्यक्रमांची मालिका निघू लागली. लॅटव्हाला १९९९ मध्ये वारले, तरी २००५ पर्यंत तिचे ३६ खंड झाले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये, इंटरनेट अर्काइव्हवर सर्वांसाठी खुली असलेली ध्वनिमुद्रणे उतरवून घेण्यास अचानक मनाई झाली, तेव्हा चाहत्यांनी इतका निषेध केला की प्रेक्षकांतून केलेली ध्वनिमुद्रणे काही दिवसांतच पुन्हा खुली करावी लागली आणि साउंडबोर्डची केवळ ऐकण्यापुरती ठेवण्यात आली. मे २०१२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत बार्टन हॉलच्या कार्यक्रमाचा समावेश जाहीर केला. त्या दिवशी ते ध्वनिमुद्रण ३५ वर्षे जुने होते, असंख्य घरांत पोचलेले होते आणि तोवर कोणत्याही कंपनीने ते एकदाही विक्रीस काढलेले नव्हते. अधिकृत अल्बम म्हणून ते बाजारात आले मे २०१७ मध्ये.