बर्फावरची पहिली इयत्ता : गटाने स्की शिकण्याचा इतिहास

१/ सुट्टीत बर्फाळ प्रदेशात जाऊन गटाने स्की शिकणे हा आता गुलमर्ग-औलीपासून आल्प्सपर्यंत एका ठरीव साच्याचा प्रकार झाला आहे. सकाळी नेमल्या जागी जमायचे, प्रशिक्षक चार पावले टाकायला लावणार, त्यावरून तुकड्या पाडणार आणि मग दिवसभर त्याच्यामागे एका रांगेत उतरायचे. हा साचा कोणी आणि कसा घडवला, आणि तो घडवणाऱ्या माणसांच्या वाट्याला पुढे काय आले, याविषयी आजचा हा धागा.

२/ आधी पहिल्या दिवसाची कल्पना देतो. पहिला तासभर आपण स्की करतच नाही. ताठ, जड बुटांत पाय बसवणे, सपाटीवर सरकणे, पडणे आणि विशेषतः पडल्यावर उठणे, उतारावर आडवे उभे राहून पायरी-पायरीने चढणे, एवढेच चालते. अनेकांना हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. पण या प्रत्येक गोष्टीमागे शंभर-सव्वाशे वर्षांचा अनुभव आहे.

३/ स्की हे मुळात उत्तरेकडील लोकांचे हिवाळी प्रवासाचे साधन. नॉर्वेत मुले चालायला शिकतात तितक्याच सहजपणे स्कीवर उभी राहत. त्यासाठी शाळा लागत नसे. तेथील टेलेमार्क प्रांतातल्या सोंद्रे नोरहाइमसारख्या कसबी लोकांनी एकोणिसाव्या शतकात त्याला खेळाचे रूप दिले. १८८८ साली फ्रित्योफ नान्सेनने स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले. त्या प्रवासाचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि मध्य युरोपात स्कीचे वेड पसरले.

४/ अडचण पुढे आली. नॉर्वेच्या पद्धती तुलनेने सौम्य टेकड्यांसाठी होत्या. आल्प्सचे उतार उभे. तिथे वेग आवरता आला नाही तर प्रश्न थेट हातापायांचा, प्रसंगी जिवाचा. ऑस्ट्रियातील लिलियनफेल्ड येथे राहणाऱ्या मातियास त्सदार्स्कीने या प्रश्नावर एकट्याने वर्षानुवर्षे प्रयोग केले. त्याने स्कीची लांबी कमी केली, पाय स्कीवर पक्का धरणारी धातूची बांधणी तयार केली आणि १८९६ च्या सुमारास आपले तंत्र पुस्तकरूपाने मांडले.

५/ त्सदार्स्कीचे खरे वेगळेपण शिकवण्यात होते. वळण हा काही उपजत हातखंडा नसून क्रमाने शिकवता येणारी गोष्ट आहे, असे तो मानत असे. तो मोठमोठ्या गटांना शिकवी आणि त्याचे पैसे घेत नसे. १९ मार्च १९०५ रोजी त्याने लिलियनफेल्डजवळच्या मुकेनकोगेल डोंगरावर फाटकांमधून वळत उतरण्याची स्पर्धा भरवली. आजच्या स्लालम शर्यतीची ती आद्य आवृत्ती मानली जाते.

६/ नवे शास्त्र म्हटले की पंथभेद आलेच. त्सदार्स्की एकच लांब काठी वापरी. ऑस्ट्रियन लष्करातील अधिकारी गेओर्ग बिल्गेरी दोन काठ्यांचा पुरस्कर्ता. वाद इतका विकोपाला गेला की गोष्ट द्वंद्वयुद्धाच्या आव्हानापर्यंत पोहोचली. काठ्यांच्या बाबतीत काळाने कौल बिल्गेरीच्या बाजूने दिला, हे आज आपल्या हातात दोन काठ्या दिल्या जातात त्यावरून कळतेच. मात्र क्रमाने शिकवण्याची कल्पना त्सदार्स्कीचीच टिकली.

७/ आता पश्चिमेकडे, आर्लबर्गला जाऊ. १८८४ साली आर्लबर्गचा रेल्वे बोगदा खुला झाला आणि सांक्ट आंटोन हे खेडे युरोपच्या मोठ्या शहरांशी जोडले गेले. १९०१ साली तेथे स्की क्लब स्थापन झाला. हिवाळ्यात पाहुणे तर येऊ लागले, पण त्यांना उतरायला शिकवणार कोण? १९०७ मध्ये हॉटेल पोस्टचा मालक कार्ल शूलर याने शेजारच्या श्टूबेन गावातील सतरा वर्षांच्या एका मुलाला शिक्षक म्हणून नेमले. त्याचे नाव हानेस श्नायडर.

८/ पहिल्या महायुद्धात श्नायडरकडे पर्वतीय सैनिकांना स्की शिकवण्याचे काम आले. सैनिकांत कोणी हौशी नव्हता. वेळ कमी, माणसे पुष्कळ, आणि प्रत्येकाला ओझ्यासह सुखरूप खाली उतरवायचे. एकेकाला हाताला धरून शिकवणे शक्यच नव्हते. सर्वांना जमेल अशा पायऱ्या, सर्वांना कळतील अशा सूचना आणि सारख्या क्षमतेच्या माणसांच्या तुकड्या, ही शिस्त या गरजेतून पक्की झाली.

९/ युद्ध संपले आणि श्नायडरने तीच शिस्त सुट्टीवर आलेल्या पाहुण्यांना लावली. १९२० च्या दशकाच्या आरंभी सांक्ट आंटोनला त्याची स्की शाळा उभी राहिली. शिक्षक सगळे एकाच पद्धतीने शिकवणार. विद्यार्थ्यांचे वर्ग त्यांच्या तयारीनुसार लागणार. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरच्या वर्गात प्रवेश नाही. पाहुणा सरदार असो वा कारकून, उतारावर त्याची इयत्ता त्याचे पायच ठरवणार.

१०/ या अभ्यासक्रमाला 'आर्लबर्ग तंत्र' म्हणतात. पहिली पायरी स्नोप्लाऊ : स्कीची टोके जवळ, टाचा दूर. रस्त्यावरचा बर्फ सारणाऱ्या फाळासारखा हा आकार वेग मारतो. (आज लहान मुलांना 'पिझ्झाचा तुकडा करा' असे सांगतात तो हाच.) दुसरी पायरी, एक स्की तिरकी बाहेर ढकलून घेतलेले 'स्टेम' वळण. तिसरी, वळताना दोन्ही स्की पुन्हा समांतर आणणारे 'स्टेम क्रिस्टी'. यातल्या 'क्रिस्टी'मध्ये ऑस्लोचे जुने नाव ख्रिस्तियानिया दडले आहे.

११/ या क्रमात आधी थांबणे येते, मग वळणे, आणि वेग सर्वांत शेवटी. हौशी माणसाला याच्या नेमके उलट हवे असते. श्नायडरचा विचार असा की थांबता येते याची खात्री पटली की भीती ओसरते, आणि भीती ओसरली की शरीर शिकू लागते. म्हणून आजही पहिल्या दिवशी प्रशिक्षक आपल्याकडून तोच फाळ दहा-दहा वेळा करून घेतो. त्याला कंटाळा म्हणू नये. संपूर्ण पद्धतीचा पाया तोच आहे.

१२/ त्या काळच्या शिकाऊंची आणखी एक परीक्षा होती. वर नेणारी यंत्रे नव्हती. जितके उतरायचे तितके आधी पायी चढायचे. दिवसाचा बराचसा वेळ चढण्यातच जाई. स्वित्झर्लंडमधील दावोसला १९३४ च्या अखेरीस, शिकाऊंच्याच उतारावर, एर्न्स्ट कोन्स्टामने माणसांना ओढून वर नेणारी लिफ्ट सुरू केली आणि सराव कितीतरी पटींनी वाढला. आज आपण सरकत्या पट्ट्यावर उभे राहून वर जातो, तेव्हा या सोयीचे मोल ध्यानात येत नाही.

१३/ श्नायडरची कीर्ती चित्रपटांनी दूरवर नेली. आर्नोल्ड फांक या दिग्दर्शकाच्या पर्वतपटांतून त्याचे कसब जगाने पाहिले. १९३० मध्ये जपानने त्याला शिकवायला बोलावले. १९२८ साली इंग्रज स्कीपटू आर्नोल्ड लनसह त्याने 'आर्लबर्ग-कंदहार' शर्यत सुरू केली. आल्प्समध्ये कंदहार कुठून आले? अफगाण युद्धात गाजलेल्या, कानपूरला जन्मलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदहार याच्या नावे १९११ पासून स्कीची एक ढाल-चषक स्पर्धा होती, तिच्यातून.

१४/ पण याच वर्षांत ऑस्ट्रियात माणसांची दुसरी एक वर्गवारी चालू होती. १९२३ साली ऑस्ट्रियन स्की महासंघाने 'आर्य' नसलेल्यांना दार बंद करणारे कलम स्वीकारले. सांक्ट आंटोनच्या पर्यटनाची घडी ज्याने बसवली, तो श्नायडरचा सहकारी रुडॉल्फ गोम्पेर्त्स ज्यू वंशाचा होता. एकाच डोंगरावर दोन कसोट्या होत्या : तुम्हाला काय येते, ही एक, तुम्ही कोणाच्या पोटी जन्मलात, ही दुसरी.

१५/ मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. श्नायडर नाझींचा उघड विरोधक. त्याला लगेचच अटक झाली. ज्याच्या शाळेने गावाला जगाच्या नकाशावर आणले, त्याला त्याच गावातून उचलून नेण्यात आले. लनने निषेध म्हणून त्या वर्षीची सांक्ट आंटोनची कंदहार शर्यत रद्द केली. खेळ आणि राजकारण वेगळे ठेवावे, हा सोयीचा युक्तिवाद त्याने केला नाही.

१६/ तुरुंगातून सुटल्यावरही श्नायडर जर्मनीत नजरकैदेत होता. त्याची सुटका झाली ती अमेरिकन बँकर हार्वे गिब्सनच्या खटपटीने. गिब्सनला न्यू हॅम्पशायरमधील आपल्या नॉर्थ कॉन्वे गावी स्की केंद्र वाढवायचे होते, आणि जर्मनीशी बोलणी करण्याइतके त्याचे वजन होते. फेब्रुवारी १९३९ मध्ये श्नायडर कुटुंबासह तिथे उतरला, तेव्हा गावातील मुलांनी स्कीच्या काठ्यांची कमान धरून त्याचे स्वागत केले.

१७/ गोम्पेर्त्ससाठी अशी कमान कोणी धरली नाही. १९४२ मध्ये त्याला व्हिएन्नातून पूर्वेकडे पाठवण्यात आले आणि मिन्स्कजवळच्या माली त्रोस्तेनेत्स येथे त्याची हत्या झाली. एका मित्राकडे जगाला हवे असलेले कसब होते आणि एक श्रीमंत आश्रयदाता होता, दुसऱ्याकडे नव्हता. स्कीच्या इतिहासातील रम्य छायाचित्रे पाहताना हे नाव गाळले जाते. ते गाळू नये.

१८/ श्नायडरने नॉर्थ कॉन्वेत १९५५ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, शाळा चालवली. त्याचा मुलगा हर्बर्ट अमेरिकेच्या दहाव्या पर्वतीय डिव्हिजनमधून इटलीत नाझींविरुद्ध लढला. युद्धानंतर त्या डिव्हिजनचे अनेक सैनिक अमेरिकेतील स्की केंद्रांच्या उभारणीत उतरले. लष्कराची कवायत सुट्टीत आली होती. सुट्टीतली विद्या रणांगणावर गेली आणि पुन्हा सुट्टीत परतली.

१९/ आपल्याकडेही लष्कर आणि सुट्टी यांची अशीच सांगड दिसते. गुलमर्गला १९२७ साली ब्रिटिशांनी स्की क्लब काढला. १९४८ मध्ये, काश्मीरमधील युद्धाच्या काळातच, भारतीय सैन्याने तिथे स्की प्रशिक्षण सुरू केले. आजच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे मूळ ते. पुढे पर्यटन मंत्रालयाच्या संस्थेमार्फत सामान्य नागरिकांचे गटवर्गही तिथे भरू लागले. त्या वर्गांतही सुरुवात फाळापासूनच होते.

२०/ तेव्हा यंदा कोणी बर्फावर शिकायला जाणार असाल, तर प्रशिक्षकाने आपल्याला मित्रांपासून वेगळे करून खालच्या तुकडीत टाकले म्हणून हिरमुसू नये. शेजारी अनोळखी माणसे असतील. कोणी दहा वर्षांचे, कोणी साठीचे. रांगेत आपल्या पाळीची वाट पाहताना पुढचा का पडला हे नीट पाहावे. गटात शिकण्याचा निम्मा फायदा तिथेच असतो. आणि ही तुकडी फक्त एकाच प्रश्नावर पडली आहे : तुम्हाला थांबता येते का? माणसांचे गट पाडण्याच्या आजवरच्या कसोट्या पाहता, ही कसोटी फार सभ्य आहे.

#इतिहास #मराठी #धागा