संगणकीय औषधचिठ्ठी आणि अखेरच्या दिवसांतील वेदना

पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडणारे गाव म्हणून हिवरे बाजार (ता. नगर, जि. अहिल्यानगर) देशभर परिचित आहे. मात्र अशा जागरूक गावातही कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णाची वेदना शमवायची असेल, तर प्रश्न नियोजनाबरोबरच कायद्याचा आणि तरुण डॉक्टरांच्या आत्मविश्वासाचाही असतो.

कायद्याची चौकट

तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे मूलभूत औषध. भारतात अफूची कायदेशीर लागवड होते. तरीही १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कठोर तरतुदींमुळे मॉर्फिन रुग्णांपासून दुरावले. २०१४च्या दुरुस्तीने परवान्यांची गुंतागुंत कमी झाली. आता औषध नियंत्रकांची मान्यता असलेल्या आणि प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या संस्थांना ते ठेवता येते. मात्र मार्च २०२०च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनुसार अमली पदार्थ कायद्याखालील औषधे दूरस्थ सल्ल्याने लिहून देता येत नाहीत. त्यामुळे ‘ई-संजीवनी’सारख्या सेवेतून संगणकीय चिठ्ठी मिळाली, तरी त्यावर मॉर्फिन येत नाही.

पडदा काय शिकवतो?

रुग्णालयात रात्रपाळीला बहुधा निवासी डॉक्टरच असतो. तोंडाने घ्यायच्या साध्या मॉर्फिनचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. दर चार तासांनी १० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला ६० मिलिग्रॅम घेणाऱ्याला मध्येच कळ आल्यास सर्वसाधारणपणे एक षष्ठांश, म्हणजे १० मिलिग्रॅमचा जादा डोस देतात. सोबत बद्धकोष्ठतेवरील औषध लागते. मूत्रपिंडे निकामी होत असल्यास मात्रा घटवावी लागते. संगणकीय प्रणालीत असे ठरीव संच भरलेले असतील, तर नवख्या डॉक्टरचा हात अडत नाही. अक्षर न लागण्याचा धोकाही टळतो.

याची दुसरी बाजूही आहे. मॉर्फिनला सर्वांना लागू पडणारी ठरावीक कमाल मात्रा नाही. ती वेदनेनुसार टप्प्याटप्प्याने वाढवायची असते. प्रणालीने प्रत्येक वाढीवर धोक्याचा इशारा दिला, तर धास्तावलेला डॉक्टर अपुरी मात्रा लिहितो आणि रुग्ण तळमळत राहतो. उलट, सततच्या इशाऱ्यांची सवय झाली की खरा इशाराही दुर्लक्षिला जातो. शिवाय ‘आता बरे करणारे उपचार उरले नाहीत’ हे नातलगांना कसे सांगावे, हे कोणतीही प्रणाली शिकवत नाही.

उपाय कोणता?

ते शिक्षण रुग्णाच्या खाटेशेजारीच मिळते. मुंबईत १९८६ पासून शांती आवेदना सदन, पुण्यात १९९७ पासून सिप्लाचे केंद्र आणि टाटा स्मारक रुग्णालय यांनी ही परंपरा रुजवली. ग्रामीण रुग्णाला मोठ्या रुग्णालयातून घरी पाठवतानाच पुढील मात्रा, जादा डोस, औषध कोठे मिळेल आणि रात्री कोणाला विचारायचे, हे लेखी दिले पाहिजे. नातलगांनीही ते मागून घ्यावे. संगणक हिशेब चुकू देणार नाही. पण वेदना किती आहे, हे रुग्णालाच विचारावे लागते.