गांठ, सुई आणि शस्त्र

मानेला गांठ आली कीं आमच्या सोलापुरांतील वडील मंडळी 'गंडमाळ' एवढेंच म्हणत आणि गप्प बसत. सुश्रुतानें मात्र ग्रंथि, अपची, अर्बुद असे भेद सांगितले आहेत. हे भेद खात्रीनें ठरवावयाचे तर पूर्वीं गांठ शस्त्रानें काढून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासावी लागे. 1930 सालीं न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयांतील हेझ मार्टिन व एडवर्ड एलिस यांनीं सुईनें पेशी ओढून निदान करण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यांची सुई जाड होती. पुढें स्वीडनमधील वैद्यांनीं बारीक सुई रूढ केली.

मार्टिन स्वतः शस्त्रवैद्य. तरी ते सुईकडे वळले, हें आम्हांस अर्थपूर्ण वाटतें. तोंडांतला वा घशांतला कर्करोग मानेंत उतरला असतां घाईनें गांठ कापली, तर पुढील शस्त्रक्रिया बिकट होते. क्षयाची गांठही बहुधा सुईनेंच ओळखतां येते. परंतु सुईला सुट्या पेशी मिळतात, गांठीची रचना मिळत नाहीं; म्हणून लिम्फोमाची शंका आल्यास गांठ शस्त्रानें काढणेंच इष्ट.

आधीं सुई, जरूर पडल्यास शस्त्र, असा हा क्रम अनुभवानें ठरला आहे. तथापि सुई टोंचल्यानें रोग पसरतो या भयानें घरोघरीं महिने दवडले जातात. बारीक सुईनें तसें क्वचितच घडतें. दवडलेला काळ मात्र परत येत नाहीं.