शिलेदाराची बंदूक : ठेवावी की विकावी ?

आपल्या ज्ञातीतील एका घराण्यात यंदा वाटणी झाली. शेत वाटले, वाडा वाटला, परंतु दसऱ्यास पूजिली जाणारी बंदूक वाटता येईना. थोरले म्हणतात, ती सिंदखेडच्या जाधवरावांच्या फौजेतील पूर्वज-शिलेदाराची, विकू नये. धाकटे म्हणतात, मुलीच्या शिक्षणास पैसा हवा, आणि जाधवरावांच्या नावावर गिऱ्हाईक दामदुप्पट देत आहे. उभयतांनी आमचे मत विचारले; म्हणून आम्ही प्रथम बंदूकच तपासून पाहिली.

शिलेदाराचा घोडा व हत्यारे स्वतःची असत, बारगिरास घोडा सरकारी मिळे. हे आपणांस ठाऊक आहेच. त्या काळच्या स्वाराची भिस्त भाला-तलवारीवर असे. तोड्याच्या ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडाने दारू-गोळी ठासावयाची, तोडा पेटता ठेवावयाचा आणि रंजक वाऱ्यापासून जपावयाची. धावत्या घोड्यावर हे जमणे कठीण. सिंदखेडास १७५७ साली मराठे व निजाम यांचा संग्राम झाला, त्या काळची बंदूक असती तर याच जातीची असती. (त्या संग्रामात रामचंद्र जाधवराव निजामाच्या पक्षास होते, हे अभिमानाच्या भरात पुष्कळदा विसरले जाते.)

प्रस्तुत बंदुकीस तोडा नाही, ठासण्याचा गज नाही. चापाच्या मागील दांडी खाली ओढली की नळीचे मागील तोंड उघडते व त्यात एकच काडतूस बसते. ही मार्टिनी-हेन्री होय. इंग्रजी लष्कराने ती १८७१ साली स्वीकारली. हिच्यासारखा घोडेस्वारांचा आखूड नमुना १८७७ चा. म्हणजे सिंदखेडच्या संग्रामानंतर १२० वर्षांनी ! पुढे हैदराबाद कंटिन्जंटच्या रिसाल्यातही शिलेदारी पद्धत होती, पण इंग्रजी अमदानीत शिलेदारास बंदूक सरकारातून मिळे. ती त्याच्या मालकीची नसे.

खरा पुरावा कागदांच्या पेटीत निघाला. १८७८ च्या शस्त्र-कायद्याखालील पणजोबांच्या नावाचा परवाना. प्रयोजन, पिकांचे रक्षण. रिसाल्यासाठी घडविलेली बंदूक अखेर आपल्या शिवारात रानडुकरांवर रोखली गेली तर !

तेव्हा थोरले ज्या कथेपायी ठेवू पाहतात, तिच्याच बळावर धाकटे भाव वाढवू पाहतात, आणि ती कथाच खरी नाही. आमच्या मते बंदूक विकण्यास हरकत नाही. जाधवरावांचे नाव मात्र विकू नये. गिऱ्हाइकास साल आणि जात स्पष्ट सांगावी, मग तो दाम उतरवील तर उतरवो. मुलीची फी भागण्यापुरते तरी हाती येईल.

विक्रीची रीतही नीट सांभाळावी. बंदूक चालू आहे व आजचा परवाना थोरल्यांच्या नावे आहे. म्हणून १९५९ च्या कायद्याप्रमाणे घेणारा परवानाधारक हवा, आणि जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्यास लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. वस्तू शंभर वर्षांवरील असल्याने १९७२ च्या पुरावस्तु-कायद्याने ती खाजगी इसमास परदेशी धाडता येत नाही, हेही घेणाऱ्यास सांगावे.

पणजोबांचा परवाना विकावयाचा नाही, यावर दोन्ही भाऊ राजी झाले. बंदुकीबद्दल थोरल्यांनी विचारास अवधी मागितला आहे. ठाण्यात अर्ज मात्र धाकट्यांनी लिहून ठेवला आहे, त्यावर थोरल्यांची सही व्हावयाची आहे.