जमीन गावाची, घर आपले

घराची किंमत वाढली असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः विटा, चुना आणि लाकूड यांची वास्तू वर्षागणिक झिजतच असते. वाढते ती तिच्याखालच्या जमिनीची किंमत. जवळून रस्ता गेला, शाळा निघाली, आगगाडीचे स्थानक आले, की ती चढते. म्हणजे ही वाढ घडवून आणण्यात मालकाचा वाटा थोडा आणि समाजाचा मोठा. लाभ मात्र मालकाच्या पदरात पडतो, आणि भार पडतो तो पुढे घर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबावर. हा तिढा सोडविण्याचे जे प्रयत्न जगात झाले, त्यांतील एका महत्त्वाच्या प्रयत्नाची मुळे आपल्याच देशात सापडतात.

आपल्याकडे घरांच्या प्रश्नाला संघटित उत्तर दिले ते प्रथम सहकाराने. मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली श्रीपाद सुब्राव तलमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. भारतातील सहकारी गृहनिर्माणाच्या आद्य संस्थांपैकी ती एक होय. एकट्या कारकुनाला जे भांडवल उभे करता येत नाही ते अनेकांनी भाग घेऊन उभे करावे, आणि खाजगी घरमालकाच्या मर्जीवर राहण्याऐवजी आपल्याच संस्थेच्या आश्रयाने राहावे, ही त्यामागील कल्पना. पुढे सहकारी गृहसंस्था शहरोशहरी पसरल्या. परंतु त्यांपैकी बहुसंख्य संस्थांत सभासद आपली जागा बाजारभावाने विकू शकतो. पहिल्या पिढीला स्वस्त मिळालेले घर दुसऱ्या पिढीच्या गरजवंताला महागच पडते. सहकाराने घराचे दार उघडले खरे. ते उघडे ठेवण्याची तजवीज मात्र राहून गेली.

ही उणीव भरून काढणारा विचार शहरातून नव्हे, खेड्यातून आला. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील गागोदे गावी १८९५ साली जन्मलेले विनोबा भावे १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे पोहोचले. तेथील चाळीस हरिजन कुटुंबांनी ऐंशी एकर जमिनीची मागणी केली, आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. भूदानाचा आरंभ तो असा. पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशातील मंगरोठ गावाने आपली जमीन गावाच्या स्वाधीन केली, आणि भूदानातून ग्रामदानाचा उगम झाला. ग्रामदानात कसणाऱ्याच्या हातून नांगर काढून घ्यावयाचा नव्हता. त्याने जमीन कसावी, मुलाबाळांनीही कसावी. मालकी मात्र गावाची असावी, म्हणजे ती जमीन सावकाराकडे वा परक्याकडे जाणार नाही. मालकी आणि उपभोग यांची ही फारकत हेच ग्रामदानाचे मर्म. संकल्प केलेल्या गावांपैकी अनेकांत तो कागदावरच राहिला, हे खरे. परंतु विचार समुद्रापार गेला होता.

अमेरिकेत राल्फ बोर्सोडी आणि रॉबर्ट स्वॉन यांनी ग्रामदानाचा अभ्यास केला होता. त्याच सुमारास दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात नीग्रो शेतकऱ्यांवर मोठे संकट ओढवले होते. मताधिकारासाठी नाव नोंदविण्याचे धाडस करणाऱ्या कुळाला मालक जमिनीवरून आणि झोपडीतूनही हुसकून लावीत. पायाखाली स्वतःची भूमी नसेल तर नागरिकत्वाचे हक्कही पोकळ ठरतात, हे ऑल्बनी येथील चळवळीचे नेते स्लेटर किंग आणि चार्ल्स शेरॉड यांनी ओळखले. स्वॉन यांच्यासह ही मंडळी १९६८ साली इस्राएलला गेली, आणि राष्ट्रीय निधीची जमीन पट्ट्याने कशी दिली जाते ते त्यांनी पाहिले. ग्रामदानाचा आत्मा आणि भाडेपट्ट्याचे कायदेशीर शरीर यांच्या संयोगातून १९६९ साली ‘न्यू कम्युनिटीज’ ही संस्था जन्मास आली. सामुदायिक भूमि-न्यासाचा हा पहिला अवतार.

या संस्थेने सुमारे ५,७०० एकर जमीन घेतली. पण ती कर्ज काढून. शासकीय साहाय्याची आशा फोल ठरली, अवर्षणाची वर्षे आली, आणि गोऱ्या शेतकऱ्यांना वेळेवर मिळणारे सरकारी कर्ज या मंडळींना मिळेना. १९८५ साली सारी जमीन हातची गेली. कर्जवाटपातील हा भेदभाव पुढे मान्य होऊन २००९ साली संस्थेला सुमारे १ कोटी २० लक्ष डॉलरांची भरपाई मिळाली, आणि तिने नव्याने भूमी घेतली. परंतु मधल्या चोवीस वर्षांत जी कुटुंबे पांगली, त्यांची भरपाई कोणत्या हिशेबात धरावयाची?

तथापि बीज मेले नव्हते. व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन शहरात घरांच्या किमती चढू लागल्या. तेव्हा बर्नी सँडर्स नगराध्यक्ष असताना, १९८४ साली, नगरपालिकेने २ लक्ष डॉलरांचे बीजभांडवल देऊन तेथे भूमि-न्यास उभारण्यास हातभार लावला. २००६ मध्ये दुसऱ्या एका संस्थेशी संयोग होऊन त्याचा ‘शॅम्प्लेन हाउसिंग ट्रस्ट’ झाला. आज या न्यासाकडे शेकडो मालकीची घरे, दोन हजारांहून अधिक भाड्याची घरे आणि काही सहकारी वसाहतीही आहेत.

न्यासाचे गणित साधे आहे. जमीन न्यासाची, तीवरील घर कुटुंबाचे. जमिनीचा पट्टा दीर्घ मुदतीचा आणि वारसांना मिळणारा. जमिनीचे मोल वगळल्यामुळे घर परवडते. मात्र विकताना ठरलेला नियम पाळावा लागतो. समजा, घराचे मूल्य ४० हजारांनी वाढले, तर बर्लिंग्टनच्या मूळ नियमाप्रमाणे त्यातील चौथा हिस्सा, म्हणजे १० हजार, विकणाऱ्याला मिळतात. फेडलेल्या कर्जाची रक्कमही त्याचीच. उरलेली वाढ घरातच राहते, आणि पुढच्या कुटुंबाला ते घर पुन्हा आवाक्यात मिळते. न्यासाच्या कारभारी मंडळात रूढ पद्धतीप्रमाणे एक तृतीयांश जागा रहिवाशांना, एक तृतीयांश परिसरातील इतर नागरिकांना आणि एक तृतीयांश सार्वजनिक हिताच्या प्रतिनिधींना असतात. २००८ च्या सुमारास अमेरिकेत लक्षावधी घरांवर जप्ती आली; त्या वावटळीत न्यासांच्या घरांवर जप्ती येण्याचे प्रमाण पुष्कळच कमी राहिले, कारण हप्ता थकताच न्यास मदतीला धावून जात असे.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. श्रीमंताने जमिनीचा सारा नफा खिशात घालावा, आणि गरिबाने मात्र समाजासाठी त्यावर पाणी सोडावे, हा न्याय कोणता? आक्षेपातील वेदना खरी आहे. परंतु हे घर सार्वजनिक पैशातून आणि लोकांच्या देणगीतून स्वस्त झालेले असते. ते बाजारभावाने विकले तर तीच मदत पुढच्या कुटुंबासाठी पुन्हा नव्याने, आणि पूर्वीपेक्षा अधिक, उभी करावी लागेल. शिवाय भाडेकरूपेक्षा न्यासाच्या घरातला मनुष्य रिकाम्या हाताने जात नाही.

सहकाराने माणसे एकत्र आणली. न्यासाने जमीन बाजाराच्या तडाख्यातून बाजूला काढली. दोहोंना परस्परांची आवश्यकता आहे. न्यासावाचून सहकारी घर एका पिढीत बाजाराकडे जाते; आणि लोकांचा जागरूक सहभाग नसेल तर न्यास हाही एक दूरस्थ घरमालकच होऊन बसतो. शिवाय जॉर्जियाचा अनुभव सांगतो, की केवळ विचार शुद्ध असून भागत नाही. जमीन ऋणमुक्त असावी लागते आणि कायदा पाठीशी उभा असावा लागतो. पोचमपल्लीत मागणी झाली होती ती ऐंशी एकरांची. त्या मागणीतून निघालेला विचार आज दूर देशीच्या शहरांत कुटुंबांना छप्पर देत आहे. आपल्या वाढत्या शहरांत सार्वजनिक जमिनी लिलावात काढताना त्याची आठवण ठेवली जाईल की नाही, हे मात्र आपणच ठरवावयाचे आहे.